झाकण बसवताना

आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षी कुठलीच गोष्ट पुरती शिकवत नाहीत. सहा आठवडे अक्षरं आणि छपाई, सहा आठवडे विणकाम, मग धातू, मग माती, सगळ्यात शेवटी लाकूड. प्रत्येक ठिकाणी जरा हात घालायचा, आता कुठे जमायला लागलं म्हणेपर्यंत पुढच्या विभागात जायचं, आणि वर्ष संपताना एका फॉर्मवर लिहून द्यायचं की उरलेली तीन वर्षं मला अमुक विभागात काढायची आहेत. मी तो फॉर्म भरला त्याला आता चार महिने झाले. भरला त्या दिवशी वर्गातल्या निम्म्या जणांना वाटलं, हिचं डोकं फिरलंय. ते फिरलं नव्हतं हे सांगायचं तर आधी माझा मूर्खपणा सांगावा लागेल, आणि तो काही लहान नव्हता.

मी चित्र चांगलं काढते हे मला चौथीपासून माहीत होतं. खरं तर स्वतःबद्दल तेवढंच माहीत होतं. शाळेत फलक सजवायचा असला की मला वर्गाबाहेर बोलावून न्यायचे, घरी पाहुणे आले की आई माझी वही काढायची. कॉलेजात आले तर इथे सगळेच आपापल्या शाळेचे फलक सजवून आलेले. पहिल्याच महिन्यात माझी हवा गेली.

अक्षरांच्या सरांनी आम्हाला दोन आठवडे एकच अक्षर काढायला लावलं. माझ्या वाट्याला 'ळ' आला. मी जीव ओतून काढला. सरांनी तो कागद हातात घेऊन लांब धरला आणि म्हणाले, "छान आहे. पण हा एकटाच छान आहे. याला शब्दात बसवून बघ." बसवला, तर शेजारच्या अक्षरांत तो लग्नाचे कपडे घालून बाजारात भाजी घ्यायला आल्यासारखा दिसायला लागला. विणकामाच्या बाई म्हणाल्या, "तू मागावर बसतेस, पण टेकत नाहीस. पाहुण्यासारखी टोकावर बसतेस." माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने ते ऐकलं आणि तेव्हापासून मी सगळ्यांची पाहुणी झाले. ती स्वतः पुढे धातूच्या विभागात गेली त्या दिवशीच ठोकाठोकीच्या प्रेमात पडली, म्हणून आम्ही तिला हातोडी म्हणायचो. तिला तिथल्या पहिल्या आठवड्यातच कळलं आपण कुठे जाणार. मला कळत नव्हतं, आणि कळत नाही हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

दर शुक्रवारी एक पान लिहून द्यावं लागायचं, त्या आठवड्यात काय शिकलो त्याचं टिपण. पहिल्या वर्षाच्या मॅडम ती सगळी वाचायच्या. मी त्यात फार सुंदर वाक्यं लिहायचे. 'मागाच्या लयीत मला माझाच शोध लागला' असं एकदा लिहिलं होतं. मॅडमनी समोर पेन्सिलीने एक बारीकसं प्रश्नचिन्ह काढलं होतं. दुसरं काही नाही. माझ्या वहीत अशी प्रश्नचिन्हं पावसात उगवावीत तशी उगवत होती.

घरचं सांगायचं तर, माझे बाबा दात बनवतात. ते डॉक्टर नाहीत. डॉक्टरांनी घेतलेले तोंडाचे साचे त्यांच्याकडे येतात आणि ते त्यावरून कवळ्या आणि दातांवरच्या टोप्या तयार करून परत पाठवतात. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं टेबल, मेण, प्लास्टर, पाव भाजायच्या टोस्टरएवढी एक छोटी भट्टी आणि दातांच्या रंगांची एक पट्टी, तिच्यावर पांढऱ्याच्या सोळा छटा. कॉलेजात कुणी विचारलं की मी सांगायचे, "बाबा मेडिकल लाइनमध्ये आहेत." हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. असं बोलण्याचा मला बऱ्यापैकी सराव होता, हे आता लिहिताना लक्षात येतंय.

माती आली तेव्हा मात्र माझं नशीब पालटलं असं मला वाटलं. मातीत मूर्ती करायची होती, म्हणजे बघायचं आणि तसंच उतरवायचं, म्हणजे माझ्या हातचा मळ. हॉस्टेलच्या जिन्याखाली एक म्हातारा कुत्रा झोपायचा. एक कान दुमडलेला, जबडा पायावर टाकलेला, कपाळावर अशी आठी की याला कसली तरी मोठी काळजी आहे. मी तोच केला. तीन दिवसांत चेहरा असा उतरला की लोक टेबलाजवळ थांबायला लागले. शेवटच्या वर्षाची मुलंसुद्धा. मी इतके महिने ज्यासाठी उपाशी होते ते मला पोटभर मिळत होतं.

मातीच्या विभागात भट्टी सांभाळायला एक गृहस्थ होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. विभागप्रमुखसुद्धा. बारीक अंगाचे, भुवया कधीतरी आगीने खाल्लेल्या, त्या परत नीट आल्याच नव्हत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, भट्टीत जाणाऱ्या वस्तूची जाडी बोटाएवढीच पाहिजे, मूर्ती भरीव असेल तर तारेने कापून आतली माती खरवडून काढायची आणि पुन्हा जोडायची. दोन, वस्तू पूर्ण वाळलीय का ते गालाला लावून बघायचं. गार लागली तर आत पाणी आहे. "आणि पाणी तापलं की वाफ होते, वाफ झाली की तिला बाहेर जायचं असतं. दार दिलं नाहीत तर ती भिंत पाडून जाते."

मी कुत्र्याच्या पोटातून मूठभर माती काढली. डोक्याला हात लावला नाही. डोकं पोकळ करायचं तर कापावं लागलं असतं, आणि कापलं असतं तर ती आठी गेली असती.

शुक्रवारी गुण मिळणार होते. मंगळवारी मामा भट्टी लावत होते. मी कुत्रा गालाला लावला. तो गार होता. मी स्वतःला सांगितलं की खोलीच गार आहे.

मामांनी विचारलं, "आतून पोकळ केलास ना?"

"हो."

"वाळलाय?"

"हो."

त्यांनी तो घेतला, जरा हातात तोलला, माझ्याकडे बघितलं आणि खालच्या फळीवर ठेवला. वरच्या दोन फळ्यांवर आणि त्याच्या शेजारी ताईच्या बरण्या होत्या.

ही ताई शेवटच्या वर्षाला होती. तिला सगळे बरणीताई म्हणायचे कारण दोन वर्षं ती झाकणाच्या बरण्यांशिवाय काही करत नव्हती. वर्षाखेरीच्या परीक्षेसाठी तिने बारा केल्या होत्या, मुठीएवढीपासून घागरीएवढीपर्यंत, प्रत्येकीला तिचं तिचं झाकण. ती फारशी बोलायची नाही. चाकावर बसली की तिच्याकडे बघताना आपलाच श्वास हळू व्हायचा. परीक्षा पाच आठवड्यांवर होती.

गुरुवारी सकाळी भट्टी उघडली. आम्ही दहाबारा जण भोवती उभे होतो. मामांनी दार ओढलं आणि हात तसाच दारावर ठेवून थांबले. आत ढिगारा होता. खालची फळी मोडून तिरपी झाली होती आणि वरचं सगळं तिच्यासकट खाली आलं होतं. ताई पुढे झाली. तिने एकेक तुकडा बाहेर काढायला सुरुवात केली आणि टेबलावर ओळीने मांडला, जणू मोजून बघितल्याशिवाय तिला रडायचं नव्हतं. बारापैकी चार बरण्या धड निघाल्या.

एका बरणीच्या काठावर कुत्र्याचा दुमडलेला कान पडला होता.

मामांनी भट्टीत हात घालून एक तुकडा उचलला. तीन बोटं जाड. एका बाजूला आठीची कड अजून दिसत होती. त्यांनी तो उलटसुलट बघितला, माझ्याकडे बघितलं आणि तुकडा एप्रनच्या खिशात टाकला.

विभागप्रमुख आले. "कुणाची वस्तू फुटली?"

"तुकडे तुकडे झालेत सर," मामा म्हणाले. "काही कळायला मार्ग नाही. मीच नीट तपासून लावायला हवं होतं."

"तुमच्याकडून अशी अपेक्षा नव्हती, मामा. मला हे लेखी द्यावं लागेल."

"द्या."

मी तिथेच उभी होते, दोन हातांवर. कुत्रा माझा होता हे त्या खोलीतल्या निम्म्या लोकांना माहीत असणार, कारण त्यांनीच थांबून थांबून त्याचं कौतुक केलं होतं. पण तो भरीव होता हे फक्त मला आणि त्या खिशाला माहीत होतं.

संध्याकाळी गच्चीवर जाऊन बाबांना फोन लावला. आईला लावला असता तर तिने आधी मला जवळ घेतलं असतं, फोनवरूनसुद्धा, आणि मला ते नको होतं. बाबांना मी कुत्रा, भट्टी, बरण्या, सगळं सांगितलं. मध्येमध्ये त्यांच्या टेबलावरच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती, मग ती बंद झाली.

"ओला होता?" त्यांनी विचारलं.

"थोडा."

"तुला माहीत होतं?"

मी म्हटलं, "हो."

त्यावर ते रागावतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "एक सांगतो. तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही. तू तेव्हा दुसरी-तिसरीत असशील. एका निवृत्त शिक्षिकेची कवळी होती. साच्यावर बसवली तर डाव्या बाजूला उंच लागत होती. अगदी कागदाएवढी. मला दिसत होतं. पण डॉक्टरांचा माणूस दारात उभा होता, आणि मी म्हटलं, तोंडात गेली की बसेल. दिली."

"मग?"

"तीन आठवडे त्या बाई पातळ खाऊन राहिल्या. हिरड्या सोलून निघाल्या. आणि मग डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं तर दारातच हात जोडून म्हणतात, माझंच तोंड वाकडं असणार, तुम्हाला उगाच परत त्रास. मला म्हणाल्या. मला."

"तुम्ही काय केलंत?"

"कानस घेतली, दोन मिनिटं घासली, म्हटलं, आता बसेल. बसली. त्यांनी माझे आभार मानले. अजून रस्त्यात भेटतात. हसतात, छान बसलीय म्हणून सांगतात. मला ते हसू घेता येत नाही. दहाबारा वर्षं झाली. मी रस्ता बदलतो."

पुढे मी काय करावं हे त्यांनी सांगितलं नाही. जेवलीस का, एवढं विचारलं. मी फोन ठेवला. बाबांनी मला आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या कामातलं काहीतरी सांगितलं होतं, आणि ते त्यांच्या चुकीबद्दल होतं.

सकाळी मी विभागप्रमुखांच्या खोलीत गेले तेव्हा मामा आधीच तिथे होते, ताकीद घ्यायला. मी दारातूनच बोलायला सुरुवात केली, कारण आत जाऊन बसले असते तर वाक्यं जुळवायला लागले असते.

"सर, कुत्रा माझा होता. डोकं भरीव होतं. मामांनी विचारलं होतं, मी खोटं सांगितलं. ओला होता तेही मला माहीत होतं."

सरांनी चष्मा काढला. मामा म्हणाले, "झालं का? मी पोटात घातलं होतं ना?"

"पण चूक माझी होती, मामा."

"तुझी होतीच," मामा म्हणाले, आणि मग सरांकडे वळले. "पण सर, आता निघालंच आहे तर पूर्ण निघू दे. लावताना तो मीपण गालाला लावला होता. गार होता. मंगळवार चुकला तर भट्टी पुढच्या आठवड्यावर जाते, हिचा शुक्रवार जातो, म्हणून म्हटलं, सावकाश तापवू, निभेल. फळीपण जुनी होती. तेव्हा ते पत्र फाडू नका."

सरांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "म्हणजे दोघांनाही कळलं होतं," ते म्हणाले, "आणि दोघंही गप्प बसलात."

पत्र मामांना मिळालंच. माझे मातीचे गुण निम्मे झाले. मला वाटलं होतं कबूल केलं की जीव भांड्यात पडेल. पडला नाही. अजून भांडी जिची होती तिला सांगायचं राहिलं होतं.

ताई चाकाजवळ जमिनीवर बसून कोरड्या मातीचे गोळे पाण्यात भिजत घालत होती. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि सांगितलं. ती हात न थांबवता ऐकत राहिली.

"तो कुत्रा तुझा होय," ती म्हणाली. "चेहरा छान होता."

यापेक्षा तिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"मी काही करू शकते का?"

"करू शकतेस. उद्या सकाळी सातला ये. माती मळायला माणूस हवा."

अशी मी रोज सकाळी सातला जायला लागले. सात ते दहा ताईकडे, दहानंतर लाकडाचा विभाग, कारण आमचे सहा आठवडे संपून आम्ही पुढे सरकलो होतो. पहिला आठवडा मी फक्त माती मळली. तळहाताचं हाड टेकवायचं, ढकलायचं, वळवायचं, पुन्हा ढकलायचं. मातीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी ताईला चाकावर बोटाखाली कळायचा आणि ती गोळा काढून माझ्याकडे परत सरकवायची. दुसऱ्या दिवशी माझे खांदे उचलेनात. हातोडीने मला तिचं दुखण्यावरचं मलम दिलं आणि म्हणाली, "पाहुणीला भांडी घासायला लावलीत वाटतं."

दुसऱ्या आठवड्यात ताईने मला झाकणं दिली.

झाकणाचं काम बाहेरून बघायला काहीच नाही. बरणीचं तोंड मोजायचं, त्याच मापाने झाकण करायचं. पण माती वाळताना आक्रसते, भाजताना आणखी आक्रसते, आणि सगळीकडून सारखी आक्रसेल याची खात्री नसते. म्हणून बरणी आणि झाकण एकाच दिवशी, एकाच गोळ्याच्या मातीतून करायचं, एकावर एक ठेवून एकत्र वाळवायचं. एकाला ऊन लागलं तर दुसऱ्यालाही तितकंच. रोज झाकण उचलायचं, एक चतुर्थांश वळवायचं, पुन्हा ठेवायचं, कुठे अडतंय ते बघायचं आणि ओल्या स्पंजाने तेवढीच जागा हलकी करायची. जास्त काढलं की झाकण खुळखुळतं. कमी काढलं की भट्टीत चिकटून बसतं, मग ते फोडूनच निघतं.

"बघू नकोस," ताई म्हणाली. "डोळ्याला सगळी झाकणं बसलेली दिसतात. ऐक."

मी ऐकायला लागले. अडणारं झाकण खरखरतं. सैल झाकण टिकटिकतं. नीट असलेलं, ठेवताना आतली हवा हळूच बाहेर टाकतं आणि मग काहीच आवाज करत नाही. तो आवाज न येणं पहिल्यांदा ऐकलं ती सकाळ मला आठवते. तिसरी बरणी होती. मी झाकण ठेवलं, ते खाली गेलं, थांबलं. मी पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. चार-पाच वेळा तसंच केलं. ताईने मान वर करून बघितलं आणि म्हणाली, "आता पुरे, झिजेल."

हॉस्टेलवर जाताना माझ्या लक्षात आलं की तीन तासांत मी कशी दिसतेय, कुणी बघतंय का, याचा विचार एकदाही केला नव्हता. माझ्या हातचं म्हणून काही नव्हतंच तिथे. बरणी तिची, माप तिचं, नाव तिचं. मी फक्त दोन वस्तूंच्या मधल्या जागेवर काम करत होते. आणि मला त्या मधल्या जागेची ओढ लागली होती.

त्या शुक्रवारच्या टिपणात मी लिहिलं: 'या आठवड्यात दुसऱ्याच्या बरण्यांची झाकणं घासली. मी फोडल्या होत्या म्हणून. आवडलं. का आवडलं ते नीट सांगता येत नाही.' मॅडमनी प्रश्नचिन्ह काढलं नाही. काहीच काढलं नाही.

लाकडाकडे मात्र माझी पार दाणादाण उडाली होती. लाकडाचे सर कडक, आणि वक्तशीर इतके की दहाच्या ठोक्याला दार लावायचे. मी केसांत माती घेऊन दहा-पाचला पोचायचे आणि दारावर टकटक करायचे. सहा आठवड्यांत पाच प्रकारचे सांधे करून द्यायचे होते, खिळा नाही, स्क्रू नाही, लाकडाने लाकूड धरायचं. माझे हात सकाळीच थकलेले असायचे. करवत रेषेवरून घसरायची. पहिला सांधा सरांनी हातात घेतला, हलवला, दोन्ही तुकडे दोन हातांत आले.

"हा सांधा नाही," ते म्हणाले, "ही ओळख आहे नुसती."

वर्ग हसला. मीपण हसले, कारण खरंच होतं ते.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी मी तिसरा सांधा करत होते. एका तुकड्याला जीभ आणि दुसऱ्याला खाच. जीभ आत जात नव्हती. शेजारचा मुलगा हातोडा घेऊन आला, "ठोक की, जाईल." मी ठोकलं नाही. जीभ बाहेर काढली, तिच्यावर पेन्सिल फिरवली, पुन्हा घातली, काढली, काळं कुठे पुसलं गेलंय ते बघितलं आणि तेवढीच जागा पटाशीने खरवडली. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पुन्हा घातली. खरखर. पुन्हा काढली. वर्गात दहाबारा जण ठोकत होते आणि मी कान लाकडाला लावून बसले होते. शेवटी ती हाताच्या दाबाने आत गेली आणि अर्ध्या वाटेत हवा सुटल्यासारखा बारीक आवाज आला. मग तो थांबला.

सर मागे उभे होते हे मला माहीत नव्हतं. त्यांनी सांधा घेतला, हलवला. हलला नाही. तो ठेवून ते पुढे गेले.

पण पाचपैकी तीनच सांधे झाले माझे. वर्गात सगळ्यात कमी गुण मला.

ताईच्या परीक्षेला शेवटी दहा बरण्या मांडल्या, चार जुन्या आणि सहा नव्या. दोन करायला वेळ उरला नाही. परीक्षकांनी विचारलं, बारा का नाहीत, तेव्हा ती म्हणाली, "भट्टीत अपघात झाला." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती पहिली आली नाही, दुसरी आली. पहिली आली असती का, कुणास ठाऊक. हा प्रश्न मी तिला विचारलेला नाही आणि ती कधी बोललेली नाही. निघताना तिने मला एक झाकण दिलं, फुटलेल्या बरण्यांपैकी एकीचं, त्याला आता बरणी नव्हती. "सरावाला," एवढंच म्हणाली.

फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी विभागप्रमुखांनी मला बोलावलं. माझे गुण कापले असले तरी ताईने माझ्यासाठी चार ओळी लिहून दिल्या होत्या. मातीत जागा आहे, घ्यायची असेल तर घे, असं ते म्हणाले. बाहेर मामा भट्टीच्या नव्या फळ्या घासत होते. "येतेस ना आमच्याकडे?" त्यांनी विचारलं. ते धरूनच चालले होते.

मी म्हटलं, "मामा, मी लाकूड लिहिणार आहे."

त्यांचा हात थांबला. "आगीला भ्यालीस?"

"नाही. म्हणजे, थोडी. पण त्यासाठी नाही."

"मग?"

मी म्हटलं, "इथे बसवलेलं सगळं शेवटी भट्टीच्या हातात द्यावं लागतं. ताईला ते देता येतं. ती दार लावते आणि घरी जाऊन झोपते. मला नाही देता येणार. मला बसेपर्यंत हातात हवं."

"मलाही कुठे झोप लागते," ते म्हणाले. "चाळीस वर्षं झाली." मग फळी उलटी करून दुसरी बाजू घासायला लागले. त्यांना थोडं लागलं होतं, ते मला दिसत होतं. पण मी पुन्हा गोड बोलून वेळ मारून नेली नाही, आणि त्यांनीही ते मागितलं नाही.

फॉर्मवर तीन चौकोन होते, पहिली पसंती, दुसरी, तिसरी. मी पहिल्यात लाकूड लिहिलं आणि बाकीचे रिकामे ठेवले. हातोडी म्हणाली, "अगं, तिथे तू शेवटून पहिली आहेस." घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे सुतारकाम?" मी म्हटलं, "हो, सुतारकाम." बाबांनी मागून विचारलं, "कानस कुठली वापरतात तिथे?"

लाकडाच्या सरांनी मला मुलाखतीला बोलावलं. त्यांच्यासमोर माझा फॉर्म आणि गुणपत्रक शेजारी शेजारी ठेवलेलं होतं.

"गुण बघितलेस?"

"हो, सर."

"चुकून चौकोन बदलला नाहीस ना?"

"नाही."

"तुझं चित्र चांगलं आहे म्हणतात. मूर्तीही करतेस. इथे तीन वर्षांत कुणी वाहवा म्हणणार नाही. खुर्चीवर माणूस बसतो, खुर्ची बघत नाही. चालेल?"

मी लगेच हो म्हणणार होते. मग थांबले आणि खरोखर विचार केला. "माहीत नाही, सर," मी म्हटलं. "वाहवा मला आवडते. पण ती मिळत असताना माझं काम वाईट होतं."

सरांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. मग गुणपत्रक पालथं घातलं. "दोन सांधे राहिलेत तुझे. सुट्टीत करून आण. मग बघू."

सुट्टीत मी ते दोन्ही केले. एक तीन दिवसांत झाला. दुसरा कोपऱ्याचा, पंख्यासारख्या दातांचा, तो चार वेळा केला आणि चारही वेळा कुठेतरी फट राहिली. लाकडाचा भुसा आणि सरस भरून ती झाकता येते, हे मला आतापर्यंत कळलं होतं. भरली नाही. फटीसकट घेऊन गेले.

कॉलेज उघडलं त्या सकाळी दहाला पाच मिनिटं असताना मी सरांच्या टेबलावर दोन्ही ठेवले. त्यांनी चांगला सांधा हातात घेतला, हलवून बघितला आणि बाजूला ठेवला. दुसरा उजेडाकडे धरला. फटीतून खिडकी दिसत होती.

"ही कुठून आली?"

"कळलं नाही, सर. वरून रेषा बरोबर आहे."

"मग आत काहीतरी आहे," सर म्हणाले. त्यांनी सांधा बाकावरच्या शिकंज्यात घट्ट आवळला आणि भिंतीवरची बारीक दातांची करवत काढून माझ्या हातात दिली. "मधोमध काप. आपण बघू."

मी एप्रन बांधला. सरांनी दिव्याची मान खाली ओढली, स्टूल सरकवलं आणि माझ्या शेजारी बघायला बसले.